डोंगरातली नवी शेती: जेसीबी बोलवायच्या आधी

दिवाळी झाली की मला फोन सुरू होतात. कोथरूडहून, चिंचवडहून, बाणेरहून. "आजोबांची मुळशीत वीस गुंठे आहेत, पडून होती. काय लावू?" किंवा "वेल्ह्यात वाटणीची एक एकर आली आहे, ड्रिपला किती खर्च येईल?" प्रश्न बरोबर आहेत, पण ते तिसरे-चौथे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा, की या जमिनीवर पाणी कुठून येतं आणि कुठून जातं. ते ठाऊक नसेल तर लावलेलं जुलैत वाहून जाईल, नाहीतर ऑगस्टमध्ये करपेल. हल्ली एकाच वर्षात दोन्ही होतं.

हे सगळं मावळ, मुळशी, वेल्हे, भोर आणि उत्तरेला जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यासाठी आहे. बारामती-दौंडचे सल्ले इथे चालत नाहीत. मी ते चालवून पाहिले आहेत, त्याची गोष्ट पुढे येईल.

बदललंय काय

पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणीत सहा हजारांच्या वर. म्हणजे पेपरातला 'पुण्याचा पाऊस' तुमचा नाही, आणि पुढच्या खोऱ्यातला पाऊससुद्धा तुमचा असेलच असं नाही. हे पूर्वीपासूनचंच आहे. बदलली आहे ती पावसाची वाटणी. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. गावातल्या म्हाताऱ्यांना हे वेगळ्या शब्दांत माहीत आहे: पूर्वी झड लागायची, आता पाऊस तुटून पडतो आणि मग गायब होतो.

दोन वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. २०२३ ला अधिक महिन्यामुळे दोन श्रावण आले, तरी ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झालेल्या खाचरांना, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांना, भेगा पडल्या. उलट २०२५ ला मे संपायच्या आतच, २६ तारखेला, मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत येऊन थडकला. त्याआधीही मे महिनाभर सरी होत्याच. राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार करायला, कोरडी जागा नाही, रोपवाटिकेला वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, नाही. माझ्या शेजाऱ्यांनी पेरलेलं बी दोनदा कुजलं.

तेव्हा तुमची शेती या दोन्ही वर्षांत टिकेल अशी आखायची. सरासरीच्या वर्षासाठी आखण्यात आता अर्थ राहिलेला नाही.

पहिलं काम: एक पावसाळा नुसतं बघा

हे कोणालाच आवडत नाही. पैसे हाताशी असतात, उत्साह असतो, ओळखीचा जेसीबीवाला असतो. तरी एक पावसाळा काही खणू नका. भात शेजाऱ्याला अर्धेलीने द्या, नाहीतर आहे त्या खाचरांत आहे तसं लावा.

एक पर्जन्यमापक घ्या. नसेल तर सरळ भिंतीचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. खातं ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' म्हणतं. वर्षभराच्या बेरजेपेक्षा तुमच्या बांधावर शंभरी ओलांडणारे दिवस किती येतात ते जास्त महत्त्वाचं.

का, ते हिशेबाने बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं, एकरावर चार लाख. आणि हे फक्त तुमच्या जमिनीवर पडलेलं. वरच्या डोंगराचं वाहून येणारं वेगळं.

असा पाऊस कोसळत असताना शेतात फिरा. सकाळी उघडीप झाल्यावर नाही, पाऊस चालू असताना. पाणी जिथून शिरतं, जिथे साचतं, जिथून बांध ओलांडतं तिथे बांबूच्या खुंट्या मारा. खेकड्यांची बिळं कुठे आहेत ते बघा. खेकड्याचं बीळ ही चेष्टेची गोष्ट नाही. बांधाच्या पोटातून पाण्याची धार सुरू होते ती बहुतेक वेळा तिथूनच, आणि रात्रीतून भगदाड पडतं. विजा चमकत असतील तर मात्र घरात बसा. मोबाईलवर 'दामिनी' हे ॲप ठेवा, ते जवळपासच्या विजेचा इशारा देतं.

दुसरं काम: जमिनीचे तुकडे ओळखा

डोंगरातली एक एकर ही कधीच एकसारखी एक एकर नसते. खाली ओढ्याच्या बाजूला खाचरं, तिथे माती खोल आणि ओल नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. त्याच्या वर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, जिथे पूर्वी नाचणी-वरई व्हायची. त्याच्या वर माळ आणि कातळ. प्रत्येकाचं पाणी वेगळं, पीक वेगळं.

उतार मोजायला साधा पारदर्शक पाइप पुरतो. पाइपात पाणी भरा, दोन माणसं दहा मीटर अंतरावर उभी करा, दोन टोकांतल्या पाण्याच्या पातळीवरून उंचीतला फरक काढा. फरक दोन मीटर आला तर उतार वीस टक्के. समपातळीची रेष आखायला लाकडी ए-फ्रेम बनवा. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून ओळंब्यासारखा दोरीला बांधलेला दगड. एकदा उभी करून दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करा, मग पाय उलटे करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. अगदी थोड्या खर्चाचं साधन, पण अंदाजाने खणलेले चर आणि मोजून खणलेले चर यांतला फरक पहिल्याच पावसात कळतो.

आपला सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला. काही थर घट्ट, काही भेगाळ आणि सच्छिद्र, मधूनच तांबड्या मातीचा पट्टा. वरून मुरलेलं पाणी भेगाळ थरातून येतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर पडतं. म्हणून एका खोऱ्यात झरे बहुतेक सारख्याच उंचीवर सापडतात. तुमच्या जमिनीच्या वर देवराई किंवा दाट झाडी असेल तर ती तुमची खरी टाकी समजा.

तिसरं काम: पाण्याला जायची वाट

आता माझी गोष्ट. तिसऱ्या वर्षी मी आठ लहान खाचरांची तीन मोठी, सरळ, देखणी खाचरं केली. मे महिन्यात, जेसीबीने, दोन दिवसांत. जुलैच्या एका रात्री दोनशेच्या वर पाऊस झाला. वरचा बांध फुटला, त्याने मधला नेला, मधल्याने खालचा, आणि सगळा मुरूम शेजारच्या आबांच्या खाचरात जाऊन बसला. आबा सकाळी आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, वरल्या अंगाला जुनी मोरी हुती, ती बुजवली का तुमी? मंग पानी जानार कुठनं हुतं?" डिसेंबरात त्यांच्या खाचरातला मुरूम मी घमेल्याने काढला. त्यात जे शिकलो ते असं:

जुनी वाट कधी बुजवू नका. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ, बांधातला दगडी तोंडाचा मोकळा भाग, गवताने भरलेला चर या सगळ्या कोणीतरी पन्नास पावसाळे बघून ठेवलेल्या जागा आहेत.

सगळ्यात वरच्या खाचराच्याही वर, डोंगराचं पाणी अडवून बाजूला नेणारा आडवा चर काढा. तो अगदी समपातळीत ठेवायचा नाही. शंभर फुटांना अर्धा ते एक फूट उतार देऊन नैसर्गिक ओढ्याला मिळवायचा. त्याहून जास्त उतार दिलात तर चर स्वतःच खचत जातो. खालच्या काठाला वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडायचं नाही, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण गावातली निम्मी भांडणं त्याचीच.

प्रत्येक खाचराला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, हवा, आणि त्याच्या तळाशी दगड हवेत. पाणी बांधाच्या माथ्यावरून गेलं की बांध गेला. सांडव्याचं पाणी खालच्या खाचरात जिथे पडतं तिथे मोठे दगड अंथरा. वरचा आणि खालचा सांडवा एका रेषेत ठेवू नका, नाहीतर पाण्याला उतरणीवरून पळायला शर्यतीचा रस्ता मिळतो. नवशिके सांडवा फार अरुंद ठेवतात. शंका आली तर दुप्पट करा.

बांध घालायचा तर कापणीनंतर, जमिनीत ओल असताना. माती तेव्हाच दाबून बसते. मे महिन्यात घातलेला बांध म्हणजे नुसता ढीग. आधी वरची काळी माती खरवडून बाजूला ठेवा, मग फूटभर खोल पाया घ्या, माती अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने टाका, प्रत्येक थर चोपा, शेवटी काळी माती परत पसरा. यंत्राने ही माती मुरमाखाली गाडली गेली की पुढची पाच वर्षं भात पिवळाच राहतो. दगडाचा ताल, म्हणजे दगड रचून केलेला बांध, जमत असेल तर उत्तमच: दगडांच्या फटींतून पाणी झिरपतं आणि बांधावरचा दाब कमी होतो. जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. सगळ्यांनी मिळून, हाताने, एकेकाचं खाचर घडवायचं. हे काम अंगमेहनतीचं आणि संथ असतं, पण घाईत होणाऱ्या चुका त्यात होत नाहीत.

इथेच माळीणचं नाव घ्यावं लागतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर उतरला आणि १५१ माणसं गेली. आधीचा मुसळधार पाऊस, तीव्र उतार, त्यावरचा झिजलेल्या दगड-मातीचा जाड थर. उतारावर केलेल्या सपाटीकरणाची चर्चाही तेव्हा बरीच झाली. त्यातून एवढं घ्या: तीव्र उतारावर जिथे मातीचा थर जाड आहे तिथे पाणी मुरवणारे खोल चर खणू नका. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे ब्रीद चांगलं, पण ते सासवड-शिरूरच्या कोरड्या माळाला जसं लागू होतं तसं चार हजार मिलिमीटरच्या उताराला लागू होत नाही. आणि घराच्या डोक्यावर तळं तर मुळीच नको. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन.

उतारावर नवी लांब भेग पडली, झाडं कलली, स्वच्छ झरा अचानक गढूळ झाला किंवा बंद पडला, दरवाजे चौकटीत अडकायला लागले, तर शेतीचा विचार सोडा. माणसं आणि गुरं बाहेर काढा, ग्रामपंचायतीला आणि १०७७ वर कळवा.

चौथं काम: साठवण, पण कशासाठी?

शेततळं म्हटलं की सगळ्यांना एप्रिल-मे दिसतो. मी म्हणतो, तळं ऑगस्टसाठी खणा.

दहा बाय दहा मीटर तोंडाचं, तीन मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार दिलेलं तळं दीड लाख लिटर धरतं. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या पृष्ठभागावरून रोज पाच-सात मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे पाचशे ते सातशे लिटर. तेवढ्यात पन्नास-साठ लहान कलमं जगली असती. आता ऑगस्टचा हिशेब करा. भाताला पाच सेंटीमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायला गुंठ्याला पाच हजार लिटर लागतात, वीस गुंठ्यांना एक लाख. तळं तेव्हा काठोकाठ भरलेलं असतं, आणि नंतर सप्टेंबर ते पुन्हा भरून देतो. २०२३ सारख्या वर्षी फुटव्याच्या किंवा पोटरीच्या (लोंबी बाहेर पडायच्या आधीच्या) वेळी दिलेलं ते एक पाणी म्हणजे पीक आणि पेंढा यांतला फरक. उन्हाळ्याला उरेल ते कलमांना. वर शेडनेट ताणलीत तर जरा जास्त उरेल.

तळ्याची जागा खाचरांच्या वर, पण भरावावर नाही, खोदलेल्या घट्ट जमिनीतच. अस्तर ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचं. खाली टोकदार दगड राहू देऊ नका. भोवती कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर किंवा टायरची शिडी सोडलीच पाहिजे. प्लास्टिकवर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हा खर्च शेवटी करू म्हणणाऱ्यांना मी तळ्याचा सल्लाच देत नाही.

झरा असेल तर तुम्ही भाग्यवान, पण दोन गोष्टी करू नका. तोंड मोठं करायला सुरुंग लावू नका किंवा पहार घालू नका. खालचा घट्ट थर फुटला की झरा दुसरीकडे निघून जातो. आणि तो फक्त तुमचा समजू नका. झऱ्यावर बहुतेक ठिकाणी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात, वाडीतल्या बाया तिथे पाणी भरतात, खाली कोणाची गुरं पितात. आधी विचारा. मग तोंडाशी लहान बंदिस्त कुंड बांधा आणि पाणी पाइपाने न्या. धार मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. पन्नास सेकंदांत बादली भरली तर दिवसाला सतरा हजार लिटर होतात. नोव्हेंबर, जानेवारी, मार्च आणि मे, चारही वेळा मोजा. मेचा आकडा धरून आखणी करा.

ओढ्यावर कापणीच्या सुमारास, पाऊस थांबला की वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती-वाळू, भिंतीसारख्या एकाआड एक रचलेल्या. मोहन धारियांच्या 'वनराई'ने ही पद्धत घरोघरी नेली. दहा माणसं अर्ध्या दिवसात घालतात, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी धरतो, आणि पुढच्या पुरात वाहून गेला तरी कोणी रडत नाही.

बोअर सगळ्यात शेवटी. कातळात पाणी लागणं भेगेच्या नशिबावर, आणि तुमच्या बोअरने खालच्या वाडीचा झरा आटला तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. घ्यायचीच वेळ आली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. नारळ आणि कडुनिंबाची काटकी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याआधी तिथे जा.

पाचवं काम: उतारावर पाइप टाकताना

इथे उतार तुमच्या बाजूचा आहे. दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी साधारण एक किलोचा दाब देतं, आणि ठिबकला तेवढाच लागतो. म्हणजे टाकी बागेच्या दहा-बारा मीटर वर असेल तर वीज नको, पंप नको. मुख्य पाइप उताराने खाली आणा, लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्या, मात्र समपातळीत आडव्या पसरा. उलट केलंत तर खालच्या झाडांना डबकं आणि वरच्यांना थेंब. ड्रिपर दाब सांभाळणारे, ज्यांना दुकानात पीसी म्हणतात, तेच घ्या. थोडे महाग पडतात, पण उतारावर साधे चालत नाहीत.

झरा फार उंचावर असेल तर दर तीस मीटर उतरणीला मध्ये एक लहान उघडी टाकी ठेवा, तिथे दाब मोडतो. नाहीतर चार किलो दाब सोसणारा पाइप खाली फुटतो, आणि तो फुटतो नेमका तुम्ही पुण्यात असताना. पाइप वाटेत उंचवट्यावरून जात असेल तर तिथे हवा साठते आणि पाणी बंद पडतं. लोक झरा आटला म्हणून हळहळतात, आणि असते नुसती हवा. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. तळ्याच्या पाण्याला शेवाळ असतं, त्याला डिस्क किंवा वाळूचा फिल्टर. झऱ्याला जाळीचा पुरतो.

पाइप फूटभर गाडा. ऊन, साळिंदर आणि वणवा, तिघांपासून वाचतो.

ठिबकला केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' योजना आणि राज्याची भर मिळून अल्प-अत्यल्प भूधारकांना ऐंशी टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा, आणि पूर्वसंमती आल्याशिवाय सामान विकत घ्यायचं नाही. पावती आधीची निघाली तर अनुदान गेलं.

सहावं काम: पीक, आणि त्यात हट्ट नको

भातात हळवं, निमगरवं, गरवं असे तीन प्रकार. हळवं लवकर तयार होतं, गरवं उशिरा. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत हळवं आणि खालच्या ओलीच्या खाचरांत गरवं ही जुनी वाटणी आहे, आणि आजच्या पावसाला ती अगदी नेमकी बसते. सगळ्या शेतात एकच वाण लावलात तर ऑक्टोबरच्या एका परतीच्या पावसात सगळंच लोळतं आणि लोंब्यांना कोंब फुटतात. इंद्रायणी घ्या, जरूर घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला हा वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातला, इथल्याच मातीतला. पण तो साडेचार महिन्यांचा गडी आहे. सगळी मदार त्याच्यावर टाकू नका.

रोपं दोन टप्प्यांत टाका, आठ-दहा दिवसांच्या अंतराने, गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर. सपाट जागी मेचा पाऊस बी कुजवतो, गादीवाफ्यावरून पाणी निथळतं. बी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात घाला, तरंगेल ते पोचट काढा, बुडालेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. एकवीस ते पंचवीस दिवसांची रोपं लावणीला चांगली. पाऊस लांबला आणि रोपं म्हातारी झाली तर दुसऱ्या टप्प्याची कामाला येतात.

लावणी चारसूत्री पद्धतीने करा. डॉ. ना. के. सावंत यांनी बसवलेली ही पद्धत अतिवृष्टीच्या पट्ट्याला फार साजते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आळीपाळीच्या अंतराने दोन-तीन रोपांचे चूड (जुडगे), आणि चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटीमीटर खोल युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. वरून फेकलेला युरिया जोराच्या पावसात ओढ्याला जातो, गोळी मुळाशी राहते. गिरिपुष्पाची काटकी बांधावर कुठेही खोचा, लागते.

चिखलणी-लावणीला माणसं मिळत नसतील तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा राइस टेक्निक बघून या. कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, लावणी नाही, साच्याने टोकण. मागच्या पिकाची मुळं जमिनीतच राहतात, त्यामुळे माती वाहत नाही. तणनाशकावर भर आहे, तेवढं मला खटकतं. तुम्ही तुमचं ठरवा.

वरकसावर दरवर्षी नांगर घालू नका. आडव्या ओळींत नाचणी किंवा वरई, मध्ये पाच-सहा मीटरवर गवताची न कापलेली पट्टी, बांधाला तूर. नाचणी रोपं लावून केली तर पाऊस मागेपुढे झालेला सोसते, भातासारखी रुसत नाही. अगदी तीव्र उतारावर हंगामी पीकच नको. माणगा बांबू, फणस, करवंद, आंबा. आंबा घाटमाथ्याच्या धुक्यात मोहर गाळतो, म्हणून तो पूर्वेच्या अंगाला.

भात निघाला की आठवड्याच्या आत, ओल असतानाच, हरभरा, वाल, पावटा किंवा मसूर टोका. फुकटच्या ओलीवर येणारं पीक आहे ते. त्याला रानडुक्कर येणार, हे धरून चाला.

कागदपत्रं आणि वणवा

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं. वारशाने आली असेल तर प्रश्न नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नीट वाचा, वन किंवा आदिवासी जमिनीची नोंद असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. पश्चिम घाट परिसंवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात इथली बरीच गावं आहेत. खोदकाम, मुरूम, झाडतोड यांना परवानगी लागते का ते तलाठ्याला आधीच विचारा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद, वेळेत करा, ती नसेल तर विमा आणि नुकसानभरपाई दोन्ही अडतात. विम्याचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत, खरिपाची मुदत बहुधा जुलैअखेर असते. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो.

जानेवारीत, गवत पिवळं पडायला लागलं की, शेताच्या वरच्या कडेने दहा-बारा फूट रुंद पट्टी गवत कापून साफ करा. वणवा डोंगरावर कोणी तरी लावतंच. एका दुपारी तो पाच वर्षांची कलमं, पाइप आणि कुंपण घेऊन जातो, आणि उघडी पडलेली माती पुढच्या जूनमध्ये तुमच्या खाचरात येऊन बसते.

आणि आवणीचं. मजूर पुण्यातून आणता येत नाहीत, गावात पैशाने सहज मिळत नाहीत. मावळात अजून इर्जिक चालते: आज त्यांच्या खाचरात सगळे, उद्या तुमच्या. पहिल्या वर्षी तुमची आवणी असो वा नसो, आबांच्या आवणीला दोन दिवस जा. कंबर मोडते, हात सुरकुततात, तुमची ओळ वाकडी येते आणि बाया हसतात. दुपारी बांधावर भाकरी खाताना विचारा, या खाचराचं पाणी कुठून निघतं. मी ते तिसऱ्या वर्षी, मुरूम काढताना विचारलं.